पाणी लाल झालं ते शैवालामुळे, की शैवाल खाणाऱ्यामुळे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. दिवाळीनंतर देवगडच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी पाणी दोन-तीन दिवस लालसर दिसलं. रात्री होडीतून वल्हं मारलं की निळा उजेड पडायचा. प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, सूक्ष्म शैवाल खातात असं तुम्ही वाचलंत, आणि विचारता की मग इतकं शैवाल साचेपर्यंत ते काय करत होते? असे प्राणिप्लवक वाढवून बाहेरून सोडता येतील का? चुलतभावाच्या कोळंबीच्या तळ्याला धोका आहे का, आणि या दिवसांत मासे खावेत का?

मी बावीस वर्षं याच किनाऱ्यावरच्या पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मोजत आले आहे. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिथूनच सुरुवात करते. पाणी लाल म्हणजे शैवाल वाढलं, असं तुम्ही धरलंत. मी पाणी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. पण लालसर रंग, रात्रीचा निळा उजेड आणि पावसाळा संपल्यानंतरचे दिवस हे तिन्ही जुळतात तेव्हा माझा पहिला संशय नॉक्टिल्युकावर असतो. आणि लाल नॉक्टिल्युका स्वतः अन्न तयार करत नाही. तो खातो. म्हणजे तुम्ही बघितलंत ते शैवाल नसून शैवालावर पोसलेला खादाड असण्याची शक्यता जास्त आहे. शैवालाचा बहर त्याच्या आधीच येऊन गेला असणार, तुमच्या लक्षात न येता.

नॉक्टिल्युका एकपेशीय आहे, पण साध्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा. साधारण अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून बराच मोठा. शास्त्रज्ञ त्याला डायनोफ्लॅजेलेट नावाच्या गटात टाकतात. या गटातले बरेच जण सोनेरी-तपकिरी, उन्हावर जगणारे, म्हणून सगळ्यांनाच शैवाल म्हणायची सवय लागली आहे. भिंगाखाली तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो. पारदर्शक गोळा, एका बाजूला खाच, आणि त्या खाचेतून निघालेली एक जाडसर शेपटी. त्या शेपटीला चिकट द्रव असतो. त्यात अडकेल ते हा आत ओढतो. माझ्याकडच्या एका नमुन्यात एकाच गोळ्याच्या पोटात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची अख्खी साखळी वेटोळं करून बसलेली होती आणि शेजारी कोपेपॉड नावाच्या प्राणिप्लवकाची दोन अंडी होती. ज्याने ते शैवाल खायचं, त्याची अंडीसुद्धा हाच खात होता. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका पोटात आहे.

आता संशय खरा की खोटा हे तुम्हीच पाहू शकता. काचेची स्वच्छ बाटली घ्या, रंगीत पाण्याने भरा आणि दहा मिनिटं न हलवता उन्हात पांढऱ्या भिंतीसमोर धरून ठेवा. बारीक दाणे वर येऊन गळ्याशी गुलाबी-नारिंगी कडं जमलं, तर तो नॉक्टिल्युका. त्याच्या पोटातला द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून तो तरंगतो. मग तीच बाटली अंधाऱ्या खोलीत हलवा, निळं चमकेल. दाण्यांऐवजी गवताच्या कुसळांसारखे किंवा लाकडाच्या भुशासारखे तुकडे तरंगत असतील तर तो ट्रायकोडेस्मियम, म्हणजे जुड्या करून राहणारा एक तंतुमय सूक्ष्मजीव. तो आपल्याकडे बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळात दिसतो. आणि दाणेही नाहीत, भुसाही नाही, नुसतं सारखं रंगलेलं पाणी असेल, तर मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय बोलण्यात अर्थ नाही. बाटलीत फॉर्मॅलिन घालून पाठवू नका. नॉक्टिल्युका त्यात आक्रसतो, फुटतो, आणि माझ्यापर्यंत नुसती सालं पोचतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. नॉक्टिल्युका नंतर आला असं धरलं, तरी त्याच्या आधीचं शैवाल बाकीच्यांनी का संपवलं नाही?

यात वेगाचा हिशेब आहे. आपल्या पाण्यात पावसाळ्यानंतर जे शैवाल माजतं त्यात डायटम जास्त. नद्यांनी आणलेलं खत आणि वाळू-मातीतलं सिलिका त्यांना मिळतं, आभाळ उघडलं की ऊनही मिळतं. मग एक पेशी दिवसाला एकदा सहज दुप्पट होते. आता खाणारा बघा. प्राणिप्लवक म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर पहिला येतो कोपेपॉड, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, लांब मिशांचा कवचधारी. अंड्यातून बाहेर पडल्यावर त्याला अकरा अवस्था पार करून मोठं व्हावं लागतं, प्रत्येक वेळी कात टाकून. आपल्या कोमट पाण्यातसुद्धा यात दीड-दोन आठवडे जातात. दहा दिवस धरू. तेवढ्या दहा दिवसांत, कुणी खाल्लंच नाही तर, डायटमच्या एका पेशीच्या १०२४ होतात. कोपेपॉडची नवी फौज उभी राहते तोपर्यंत बहर शिगेला पोचून उताराला लागलेला असतो. वरातीमागून घोडं.

बरं, आधीपासून पाण्यात असलेले कोपेपॉड किती खातात? घनमीटर पाण्यात दोन हजार कोपेपॉड आहेत असं धरा, म्हणजे लिटरला दोन. एक लहान कोपेपॉड दिवसभरात साधारण २० ते ३० मिलिलिटर पाण्यातलं खाद्य वेचतो. दोघांचे मिळून झाले ४० ते ६०. लिटरातले ५० मिलिलिटर म्हणजे पाच टक्के. शैवाल रोज शंभर टक्क्यांनी वाढतंय आणि हे पाच टक्के उचलतायत. त्यातून बहर दाट झाला की कोपेपॉडचं पोट भरतं आणि तो वेचण्याचं पाणी कमी करतो. पंगतीत कितीही वाढलं तरी माणूस पोटापुरतंच जेवतो ना, तसंच.

कोपेपॉड चाळणीने पाणी गाळतो असं पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असायचं. मीही तेच शिकले. १९८० च्या सुमारास वेगवान कॅमेऱ्याने त्याचं खाणं टिपलं, तेव्हा कळलं की तसं नाही. एवढ्या लहान जिवाला पाणी मधासारखं घट्ट वाटतं. दाट केसांची चाळणी त्यात चालतच नाही, ती चमच्यासारखी वागते. तो पाय हलवून पाण्याचा मंद झोत स्वतःकडे वळवतो, वास येतो तसा एकेक दाणा ओळखतो, त्याच्याभोवतीच्या पाण्यासकट ओंजळीत धरतो आणि मग पाणी पिळून काढतो. नको असेल तर दाणा टाकूनही देतो. म्हणजे हा गिऱ्हाईक मोठा चोखंदळ. लांब काटे असलेला कीटोसेरॉस नावाचा डायटम त्याला तोंडात धरणं अवघड जातं. ट्रायकोडेस्मियमच्या जुड्यांना तर बहुतेक जण शिवतच नाहीत. मॅक्रोसेटेला नावाचा एक कोपेपॉड मात्र त्याच्यावरच राहतो आणि त्यालाच खातो. मला तो नमुन्यात सापडला की उगाच बरं वाटतं.

डायटम खाऊनही कोपेपॉडचं भलं होतंच असं नाही. काही डायटमची पेशी चावताना फुटली की त्यातून अल्डिहाइड नावाची अशी रसायनं तयार होतात की आईला काही होत नाही, पण तिची अंडी उबत नाहीत. १९९९ साली एड्रिआटिक समुद्रातल्या कामातून हे गाजलं. पुढे अनेक ठिकाणी तपासलं तेव्हा कुठे ते दिसलं, कुठे नाही. त्यामुळे आपल्याकडे हे किती लागू होतं यावर मी पैज लावणार नाही. पण बहर दाट असताना अंड्यांची संख्या भरपूर आणि पिल्लं मात्र मोजकी, असे नमुने पाहिले की हे आठवतं.

आतापर्यंत मी नुसत्या कोपेपॉडबद्दल बोलले, आणि हीच चूक आमच्या क्षेत्राने कित्येक वर्षं केली. आम्ही जी जाळी ओढतो तिचा आस, म्हणजे भोकाचा आकार, असतो २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. त्याहून लहान सगळं निसटतं. आणि समुद्रातले खरे खवय्ये त्याहून लहानच आहेत: सिलिएट, म्हणजे अंगावर बारीक केस असलेले एकपेशीय जीव, आणि छोटे शिकारी डायनोफ्लॅजेलेट. त्यांना कात टाकायची नसते, बालपण नसतं. पोट भरलं की दोन भाग होतात, दिवसाला एकदा, कधी त्याहूनही लवकर. शैवालाच्या वेगाला तेच पुरे पडतात. जगभरच्या प्रयोगांची गोळाबेरीज सांगते की किनाऱ्याजवळ रोज नव्याने तयार होणाऱ्या शैवालातलं सुमारे ६० टक्के हे बारीक लोक फस्त करतात, कोपेपॉडचा वाटा त्यापुढे थोडका. जुन्या नमुन्यांत ते दिसत नाहीत, कारण फॉर्मॅलिनमध्ये त्यांचं भजं होतं. त्यांच्यासाठी आयोडीनचं लुगोल द्रावण लागतं.

जे जाळ्यात येत नाही ते किती खातं हे मोजायचं कसं? त्याची युक्ती १९८२ सालची आहे आणि मला ती अजून सुंदर वाटते. समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यातलं काही गाळून अगदी निर्जीव करायचं, आणि ते मूळ पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचं. एका बाटलीत सगळं मूळ पाणी, दुसरीत पाऊण, तिसरीत अर्धं, चौथीत पाव. बाटल्या एक दिवस समुद्राच्याच पाण्यात लटकवायच्या. शैवालाची पेशी दाटीत असो की एकटी, तिचा दुप्पट होण्याचा वेग तोच राहतो. पण पातळ केलेल्या पाण्यात तिची आणि खाणाऱ्याची गाठ क्वचित पडते. म्हणून जितकं पाणी पातळ, तितकं शैवाल जास्त वाढलेलं दिसतं. हा फरक किती, त्यावरून खाणं किती ते निघतं.

कोपेपॉडचं मोजमाप वेगळं. त्याला पकडून लगेच गोठवायचं, प्रयोगशाळेत अंधारात ॲसिटोनमध्ये वाटायचं आणि पोटातल्या हरितद्रव्याची चमक मोजायची. यात "लगेच" हा शब्द महत्त्वाचा. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सकाळी साडेसहाला जाळी ओढली, बादलीत भरपूर कोपेपॉड, आणि तांडेलाने चहा पुढे केला. म्हटलं पिऊ आधी. मग नांगर अडकला, त्यात आणखी वेळ गेला. गोठवायला तास उलटला. आकडे आले तेव्हा ऐन बहरात कोपेपॉडची पोटं जवळजवळ रिकामी! दोन दिवस मी डोकं खाजवत होते, नवीन शोध लागला की काय म्हणून. मग उजेड पडला. आपल्या पाण्याच्या उष्णतेत त्यांचं खाल्लेलं अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडतं. बादलीच्या तळाशी ती लेंडकांची तपकिरी रेघ मी पाहिली होती आणि गाळ समजून ओतून दिली होती.

आता सगळं जोडून बघा. बारीक खवय्यांनी रोजच्या उत्पादनातलं ६० टक्के खाल्लं, तरी ४० उरले. म्हणजे शैवालाची संख्या रोज १.४ पट झाली, तर दहा दिवसांत २९ पट होते. बहर म्हणजे सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेली ही शिल्लक. खाणं थांबलेलं नसतं, ते थोडं मागे पडलेलं असतं आणि तेवढंच पुरतं. पुढे नायट्रेट किंवा सिलिका संपलं की डायटम एकमेकांना चिकटून खाली बसतात. काहींना विषाणू मारतात, काही खाल्ले जातात. आणि नॉक्टिल्युका या उतरत्या पंगतीत येऊन बसतो. त्याचा स्वतःचा वाढीचा वेग डायटमपेक्षा कमी, पण त्याला खाणारे थोडे, आणि मेलेलं, अर्धमेलं, अंडं, विष्ठा, काहीही त्याला चालतं.

तुमचे "दोन-तीन दिवस" यातूनच समजतात. एवढे जीव एका रात्रीत जन्मलेले नसतात. वारा पडतो, भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी होते, आणि पाण्यात विखुरलेले हे हलके गोळे वर येऊन जमतात. जिथे खाडीचं गोडसर पाणी आणि समुद्राचं पाणी भेटतं त्या फेसाच्या रेषेवर तर टोमॅटोच्या सारासारखा पट्टा होतो. वारा सुटला किंवा उधाण आलं की पट्टा मोडतो, आणि लोक म्हणतात "गेलं". तो गेलेला नसतो, पुन्हा विखुरलेला असतो. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या निळ्या लाटांचे व्हिडिओ फिरत होते, तेव्हाही मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच: काल नव्हतं, आज कुठून आलं?

एक फरक सांगायला हवा. अरबी समुद्राच्या उत्तर भागात, आपल्यापासून बऱ्याच आत, हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड बहर येतात. गेल्या पंचवीसेक वर्षांत ते नेहमीचे झाले आहेत. त्याच्या पोटात हजारो जिवंत हिरव्या पेशी पोहत असतात आणि त्या उन्हावर अन्न बनवून मालकाला देतात. तो वरून खातोही. म्हणजे शेतीही आणि शिकारही. त्याचं पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं दिसतं. तुमचं वर्णन लाल पाण्याचं आहे, म्हणून मी लालवर बोलतेय. पाणी हिरवं असेल तर वरचं बरंच बदलतं.

बाहेरून कोपेपॉड सोडण्याबद्दल. एक चौरस किलोमीटर, पाच मीटर खोल, एवढंच पाणी घेऊ. ५० लाख घनमीटर. रोज साधारण निम्मं पाणी वेचून व्हायला लिटरला २० कोपेपॉड हवेत. गुणाकार करा: दहा हजार कोटी कोपेपॉड. ते कुठून आणणार हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी सहा तासांनी ओहोटी त्यांना बाहेर घेऊन जाणार, बांगडे आणि जेलीफिश त्यांच्यावर ताव मारणार, आणि नॉक्टिल्युका त्यांची अंडी खाणार. शिवाय नॉक्टिल्युकाचा गोळा कोपेपॉडच्या तोंडात मावतच नाही. तेव्हा हा विचार सोडा. थेट डायटम खाणारा आणि बाजारात विकला जाणारा प्राणी आपल्याकडे आहे, त्याचं नाव तारली. मलबारच्या किनाऱ्यावर तारलीचे थवे आणि फ्रॅजिलारिया नावाच्या डायटमचा बहर यांचा संबंध १९५० च्या दशकातच नोंदला गेला होता.

तळ्याची गोष्ट मात्र वेगळी, तिथे माझं उत्तर उलट होतं. तळं बंद असतं. ओहोटी नाही, बांगडे नाहीत. तिथे कोपेपॉड आणि रोटिफर नावाचे आणखी बारीक प्राणी खरंच शैवालाला गाठतात. हिरवंगार पाणी दोन-तीन दिवसांत नितळ झालेलं मी पाहिलंय, आणि मालक खुशीत होता. पण नितळ पाणी म्हणजे दिवसा प्राणवायू करणारं शैवाल गेलं, आणि श्वास घेणारे मात्र वाढले. त्या पहाटे कोळंबी काठाला येऊन तरंगत होती. चुलतभावाला सांगा, पाणी अचानक नितळ झालं तर त्या रात्री एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बंद करू नकोस, आणि पहाटे चार-पाचला प्राणवायू मोज, दुपारचा आकडा फसवा असतो. खाडीत लाल पट्टा असेपर्यंत नवीन पाणी घेऊ नये. अगदीच घ्यावं लागलं तर भरती चांगली चढल्यावर, पृष्ठभागापासून खालचं घ्यावं. नॉक्टिल्युकाच्या पोटात अमोनियम साठलेलं असतं, आणि तो पंपात फुटला की ते सगळं तळ्यात.

मासे खाण्याबद्दल. लाल नॉक्टिल्युका स्वतः विष तयार करतो असं दिसलेलं नाही. मासे मरतात ते बहुधा त्या अमोनियामुळे आणि तो कुजताना प्राणवायू संपल्यामुळे. जाळ्यात जिवंत, तडफडता मासा आला तर खायला हरकत नाही. मरून तरंगणारा उचलू नका, कितीही ताजा दिसला तरी. शिंपल्यांचं मात्र वेगळं. कालवं, तिसऱ्या, शिणाणे पाणी गाळून खातात, आणि त्या पाण्यात नॉक्टिल्युकाबरोबर दुसरा एखादा विषारी डायनोफ्लॅजेलेट मिसळलेला असू शकतो. केरळात विळिंजमला १९९७ साली शिंपल्यांतून विषबाधा होऊन माणसं दगावली होती. असलं विष उकळून जात नाही, आणि चवीला कळतही नाही. पाणी नेहमीसारखं होऊन दोन-तीन आठवडे जाईपर्यंत शिंपल्यांना हात लावू नका, घरच्यांनाही सांगा.

बाटलीचा प्रयोग करून पाहिलात तर दाणे वर आले की नाही, कडं कुठल्या रंगाचं होतं आणि वारा त्या दिवशी कुठला होता, एवढं कळवा. जमलं तर दुसरी एक छोटी बाटली वेगळी भरा, त्यात औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे थेंब पाणी फिक्या चहासारखं होईपर्यंत घाला, आणि सावलीत ठेवा. माझ्याकडे यायला चार दिवस लागले तरी त्यातले सिलिएट मला मोजता येतील.